त्रिशरण घेतलेल्या कामगाराने युनियनमध्ये जावे काय?



जालना जिल्ह्यातील नवदीक्षित कुटुंबांतून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळईच्या कारखान्यात राबणारा उपासक तो विचारतो, मोंढ्यावर पोती वाहणारा हमाल विचारतो, आणि दसरा झाला की कोयता घेऊन घराला कुलूप लावणारी माउलीही विचारते. प्रश्न असा की, आम्ही बुद्धाला, धम्माला आणि संघाला शरण गेलो. आता कामगारांच्या युनियनमध्ये जावे की न जावे? तिथे भांडणे आहेत, राजकारण आहे. आणि ज्यांनी कालपरवापर्यंत आम्हांला पाण्याच्या रांजणाला शिवू दिले नाही, तेच तिथे पुढारी म्हणून बसले आहेत.

हा प्रश्न प्रामाणिक आहे. म्हणून त्याचे उत्तरही तितक्याच प्रामाणिकपणे शोधले पाहिजे.

पहिली शंका भांडणाची. ती फार वेळ अडवून धरण्यासारखी नाही. आपण पंचशील घेतो तेव्हा दुसरे शील काय सांगते? जे दिलेले नाही ते घेऊ नये. हे शील आपण पाकीटमारापुरते आणि भुरट्या चोरापुरते समजून बसलो आहोत. पण आठ तासांचा पगार ठरवून बारा तास राबवून घेणारा मालक काय करतो? चार तासांचे श्रम कामगाराने त्याला दिलेले नसतात, ते त्याने घेतलेले असतात. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम पगारातून कापून ती कार्यालयात न भरणारा कंत्राटदार काय करतो? हे दुसऱ्या शीलाचे सरळ सरळ उल्लंघन आहे, आणि ते थांबवायला सांगणे याला भांडण म्हणता येत नाही. उलट बाजूही सांगितली पाहिजे. पाळीवर हजेरी लावून कोपऱ्यात झोपणारा कामगार आणि वर्गणीचा हिशेब न दाखवणारा युनियनचा चिटणीस हेही तेच शील मोडतात.

तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला जो उपदेश केला, तो आपल्या प्रत्येक घरात वाचला जावा असा आहे. सिगाल सकाळी उठून सहा दिशांना हात जोडीत असे. तथागतांनी त्याला सांगितले की, नमस्कार दिशांना करायचा नसतो, माणसांशी असलेली नाती नीट सांभाळायची असतात. त्यांत धनी आणि सेवक हे एक नाते त्यांनी सांगितले. सेवकाच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात त्याची काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे, आणि वेळेवर सुट्टी द्यावी, ही धन्याची पाच कर्तव्ये. सेवकाचीही पाच आहेत, त्यांत काम चोख करणे आले. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या उपदेशात कामाचा बोजा, वेतन, आजारपण आणि सुट्टी, अशा युनियनच्या मागणीपत्रातल्या बहुतेक बाबी येऊन गेल्या आहेत. तेव्हा मागणीपत्र लिहिणारा बौद्ध कामगार धम्माबाहेर जातो असे कोणी म्हणत असेल तर त्याने सिगालोवाद सुत्त वाचलेले नाही, इतकेच म्हणावे लागेल.

आता दुसरी शंका. ती जातीची आहे, आणि तीच खरी आहे.

तिच्याकडे जाण्यापूर्वी एक गैरसमज दूर करू. युनियन ही परक्यांची, लाल बावट्यावाल्यांची गोष्ट आहे, आपल्या परंपरेत ती नाही, असे पुष्कळांना वाटते. या देशात गिरणी कामगारांना पहिल्यांदा एकत्र करणारे नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी होते. 'दीनबंधु' हे पत्र ते चालवीत. 1884 च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, महिन्याचा पगार वेळेवर, आणि कामावर जखमी झाल्यास भरपाई, अशा त्यातल्या मागण्या होत्या. 'मुंबई मिलहँड्स असोसिएशन' ही त्यांची संघटना. तिला ना वर्गणी होती, ना सभासदांचे रजिस्टर. पण 1890 च्या एप्रिलमध्ये तिच्या सभेला दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी 10 जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवारी सकाळी विहारात वंदनेला जमतो. ती सकाळ कामगाराला मोकळी कोणी करून दिली हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. लोखंडे 1897 मध्ये मुंबईच्या प्लेगमध्ये गेले. त्याच वर्षी प्लेगच्याच साथीत रुग्णसेवा करताना सावित्रीबाईही गेल्या.

तर युनियन आपल्या परंपरेत आहे. पण त्या परंपरेतच पुढे काय घडले ते पाहा.

मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगार हजारोंनी होते, पण ते कताईच्या खात्यात. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, त्यांना शिरकाव नव्हता, आणि जास्त पगार तर तिथेच मिळे. कारण काय सांगितले जाई? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याने तोंड लावलेल्या धोट्याला आम्ही तोंड कसे लावणार, असे स्पृश्य विणकर म्हणत. लक्षात घ्या, हे मालक म्हणत नव्हता. मालकाला धोटा कोणी ओढला याचे काही नव्हते, त्याला कापड हवे होते. हे म्हणणारा आपल्यासारखाच चाळीत राहणारा, सावकाराचा देणेकरी असलेला कामगार होता. आणि पिळवणुकीविरुद्ध रोज भाषणे ठोकणारे त्याचे पुढारी या प्रश्नावर गप्प बसत.

1928 साली मुंबईत सुमारे दीड लाख गिरणी कामगारांचा संप झाला. तो जवळजवळ सहा महिने चालला. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले की, अस्पृश्यांना सर्व खाती खुली करण्याची मागणी तुमच्या मागण्यांत आली पाहिजे. पुढाऱ्यांनी ती नाखुशीने घेतली. मागणी कागदावर आली, साचेखात्याचे दार मात्र तेवढ्याने उघडले नाही. पुढच्या वर्षी, 1929 च्या एप्रिलमध्ये, पुन्हा सार्वत्रिक संप पुकारण्यात आला. आधीच्या संपाने कर्जात बुडालेली अस्पृश्यांची घरे उपाशी होती. बाबासाहेबांनी या संपाला विरोध केला आणि आपल्या लोकांना कामावर जाण्याचा सल्ला दिला. त्यांना संपफोडे म्हणून शिव्या खाव्या लागल्या.

यावरून काही लोक झटकन निष्कर्ष काढतात की, बाबासाहेब युनियनच्या विरोधात होते, आपणही दूर राहावे. असे म्हणणाऱ्यांना माझे उलट विचारणे आहे: मग 1938 चे काय?

1936 च्या ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी जो पक्ष काढला त्याचे नावच स्वतंत्र मजूर पक्ष. 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 रोजी मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. मनमाड आपल्याला दूर नाही. जालन्यावरून जाणारी गाडी तिथेच जाते. त्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की, या देशातल्या कामगाराचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीची माणसे असे आपल्याला म्हणायचे नाही, स्वातंत्र्य, समता आणि बंधुत्व नाकारणारी वृत्ती म्हणजे ब्राह्मणशाही, आणि ती सर्व जातींत शिरली आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले. रेल्वेत अस्पृश्याला गँगमन म्हणून रूळ ठोकायला घेतात, पण पोर्टर म्हणून घेत नाहीत. का, तर स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेतो आणि अस्पृश्य त्याच्या घरात चालत नाही, असे उदाहरणच त्यांनी दिले. त्याच वर्षी मुंबई सरकारने संपाचा हक्क आवळणारे औद्योगिक कलह विधेयक आणले. बाबासाहेबांनी कायदेमंडळात त्याला कडाडून विरोध केला. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्याच हक्काचे दुसरे नाव, अशी त्यांची भूमिका होती. आणि 7 नोव्हेंबर 1938 ला एक दिवसाचा संप झाला तो स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट पुढारी यांनी खांद्याला खांदा लावून केला. होय, त्याच गिरणी पुढाऱ्यांबरोबर, ज्यांच्याशी दहा वर्षांपूर्वी खटका उडाला होता.

1929 चे बाबासाहेब आणि 1938 चे बाबासाहेब यांत विसंगती आहे काय? माझ्या मते नाही. संघटनेवर माणसाची निष्ठा असावी, पण ती निष्ठा एका हाताची टाळी नसते. जी संघटना मला आपल्या पंक्तीला बसवत नाही, माझ्या अन्यायाचा उच्चार करीत नाही, ती माझ्या लेकरांना उपाशी ठेवून माझ्याकडून निष्ठा मागू शकत नाही. आणि जिथे लढा सर्वांच्या हक्काचा आहे, तिथे जुना राग धरून घरात बसणे हेही धम्माला धरून नाही. प्रत्येक वेळी प्रश्न एकच विचारायचा: या लढ्यात सर्वात खालच्या माणसाचे काय होणार आहे?

तथागतांच्या संघात हा प्रश्न कसा सोडवला गेला ते पाहा. शाक्य राजपुत्र दीक्षा घ्यायला निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली न्हावी होता. राजपुत्रांनीच तथागतांना विनंती केली की, आम्हां शाक्यांना कुळाचा फार अभिमान आहे. आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे तो आम्हांला ज्येष्ठ होईल आणि आम्हांला त्याला वंदन करावे लागेल. तसेच झाले. संघात ज्येष्ठता जन्मावर ठरत नव्हती, आधी कोण आला यावर ठरत होती. समतेवर भाषण करून सगळे सुधारतील असे त्यांनी गृहीत धरले नाही. कोणी कोणाला वाकायचे याचा नियमच बदलून टाकला. आपल्या युनियनमध्येही तेच झाले पाहिजे. कार्यकारिणीत सफाई कामगार किती, बाया किती, कंत्राटी किती, हे घटनेत लिहून घ्या. पाण्याचा माठ एक आहे की दोन, हे आधी बघा.

बाबासाहेब 1942 च्या जुलैपासून 1946 पर्यंत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात काय काय झाले याची यादी मोठी आहे. 1946 च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला, आणि युनियनला मान्यता देणे मालकावर बंधनकारक करणारे विधेयक त्यांनी 1943 सालीच मांडले होते. पण आपल्या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्यांना हे काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. इथे मुंबईचे कायदे नव्हते, इथे वेठबिगार होती. सांगावा पोचवा, मेलेले ढोर ओढा, पाटलाच्या दारी लाकडे फोडा, आणि मोबदला म्हणून भाकरतुकडा. 17 सप्टेंबर 1948 नंतर ते राज्य गेले, आणि संविधानाच्या 23 व्या कलमाने वेठबिगारीला बंदी घातली. संघटना करण्याचा हक्क 19 व्या कलमाने दिला. धर्मांतराने आपण वेठीचे मन टाकले. वेठीची कामे मात्र नव्या नावाने आपल्या पाठीशी लागलीच आहेत.

उसाचा कोयता घ्या. घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या भागांतून कुटुंबे उसाच्या फडावर जातात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. म्हणजे बाईची वेगळी मोजदादच नाही, मजुरी नवऱ्याच्या नावावर. मुकादम आधी उचल देतो, ती फेडता फेडता हंगाम संपतो, आणि खाडा झाला तर उलटा दंड. 1976 चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा वाचावा आणि ही उचल बघावी! तरी इथेही संघटनेने काही केलेच नाही असे नाही. साखर संघाबरोबर ऊसतोड संघटनांच्या वाटाघाटी होतात, संपाचे इशारे दिले जातात, आणि 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली ती अशाच वाटाघाटीतून. मात्र वाटाघाटीला कोयत्यातली बाई किती वेळा बसली, हे विचारा.

मोंढ्यावरच्या हमालांची गोष्ट याहून बरी आहे. हमालाला ना एक मालक असतो, ना एक जागा. आज या अडत्याचे पोते, उद्या त्या. त्याची युनियन होणार कशी? मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केले आणि त्या चळवळीतून 1969 चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. व्यापाऱ्यानेही मंडळाकडे नोंद करायची, हमालाच्या टोळीनेही. मजुरी हातात न देता मंडळाकडे भरायची आणि तिच्यावर ठरावीक लेव्ही द्यायची. मंडळ महिन्याचा पगार देते, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजेचा पगार, औषधपाणी चालते. मालक नसलेल्या माणसाला कायद्याने मालकाची जबाबदारी मिळवून दिली. जिथे नोंदणी झाली तिथेच हे चालते. जिथे हमाल विस्कळीत राहिले तिथे कायदा पुस्तकात राहिला.

आता कारखान्यांकडे येऊ. 'जालना सोने का पालना' असे जुने लोक म्हणत. आज त्या पाळण्याचे लोखंड झाले आहे. सळईच्या भट्ट्यांवर काम करणारे पुष्कळ कामगार बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले आहेत. एका खोलीत आठ-आठ जण राहतात, नाव कंत्राटदाराच्या हजेरीपटावर, आणि भट्टीतून वितळलेले लोखंड उडाले तर भाजतात तेच. आणि बंधूंनो, आपल्याच वस्त्यांत त्यांच्याविषयी काय बोलले जाते? 'हे भैये आले आणि मजुरी पाडली. यांना आपल्यात घेऊ नका. यांना नळावर भरू देऊ नका.' हे शब्द कोणाच्या तोंडचे आहेत? हे साचेखात्यातल्या विणकराचे शब्द आहेत. धोट्याच्या जागी नळ आला, एवढाच फरक. मजुरी त्यांनी पाडली नाही. त्यांना कमी मजुरीत ठेवता येते म्हणून मालकाने ती पाडली. आणि त्यांना कमी मजुरीत ठेवता येते, कारण त्यांना कोणी आपल्यात घेत नाही. त्यांच्यातही दलित आहेत, मुसलमान आहेत, अतिमागास जातींचे आहेत. पण ते नसते तरी माझे म्हणणे हेच राहिले असते.

हा प्रश्न आता नुसता मैत्रीचा राहिलेला नाही, तो पोटाचाही आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता देशभर लागू झाल्या, आणि 1926 चा ट्रेड युनियन कायदा त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेत विलीन झाला. नव्या नियमाप्रमाणे एका आस्थापनेत अनेक युनियन असतील तर हजेरीपटावरचे 51 टक्के कामगार ज्या युनियनकडे असतील तीच मालकाशी बोलणारी एकमेव युनियन. संपाआधी 14 दिवसांची नोटीस आता सर्वच आस्थापनांत लागते. पूर्वी अशी नोटीस मुख्यतः लोकोपयोगी सेवांपुरती होती. म्हणजे आपले-परके करून दहा-दहा जणांच्या चार युनियन काढल्या तर चौघांनाही कोणी विचारणार नाही. आणि कंत्राटदाराच्या पटावरचा माणूस या मोजणीतून बाहेरच राहतो, म्हणून त्याच्या नोंदणीचा आग्रह आधी धरावा लागेल.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या बंद पडत गेल्या आणि घरे उद्ध्वस्त झाली. दोष कोणाचा किती यावर आजही वाद होतो, मालकांचा आणि सरकारचा दोष मला मोठा वाटतो. पण बौद्ध कामगाराने त्यातून एक घ्यावे. तथागतांनी कालामांना सांगितले होते की, गुरू सांगतो म्हणून मानू नका, अनुभवाने पारखा. पुढारी कितीही प्रामाणिक असो, संप कधी सुरू करायचा आणि कधी मिटवायचा हे सभेत मतदानाने ठरले पाहिजे. वज्जी लोकांविषयी तथागत म्हणाले होते की, ते जोवर वारंवार एकत्र जमतील, एकोप्याने बसतील आणि एकोप्याने उठतील, तोवर त्यांची वाढच होईल. हाच नियम त्यांनी पुढे भिक्खूसंघालाही लावला. वर्षातून एकदा वर्गणीपुरती सभा घेणाऱ्या युनियनला तो नियम भिंतीवर लावायला द्यावा.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. सभेला जागा नाही अशी तक्रार ऐकू येते. कारखान्याच्या फाटकावर घेता येत नाही, हॉटेलात मुकादमाचे कान असतात. आपल्या बहुतेक वस्त्यांत विहार आहे, आणि संध्याकाळच्या वंदनेनंतर तो रिकामा असतो. तो सर्व जातींच्या कामगारांच्या सभेसाठी द्यावा काय, यावर विहार समित्यांत वाद होईल. कोणी म्हणेल, विहार पवित्र आहे, तिथे मजुरीच्या गोष्टी कशाला. कोणी म्हणेल, परजातीचे लोक मूर्तीसमोर कसे बसतील, कसे वागतील. माझे मत द्यावे असे आहे. चपला बाहेर, दारू प्यालेल्याला मज्जाव, कोणत्याही पक्षाचा झेंडा नाही, आणि बिहारी कामगारासाठी एखाद्याने हिंदीतून समजावून सांगायचे, एवढ्या अटी पुरे आहेत. सात सभासद जमले तर युनियनच्या नोंदणीचा अर्ज करता येतो. मात्र कारखान्यातल्या कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यांत जो आकडा लहान असेल तितके सभासद लागतात. पुढच्या पौर्णिमेच्या बैठकीत हा विषय आपापल्या विहार समितीपुढे ठेवावा, आणि समिती काय ठरवते ते या पाक्षिकाला कळवावे.